वाडग्याच्या तळाशी

१

राणीवशात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यातला बराच काळ मेलेल्या माणसांना पत्रं लिहिण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर तेच काम सगळ्यात सुखाचं होतं. जिवंत माणसाला पत्र लिहिलं की तो उत्तर पाठवतो. मग त्या उत्तराला उत्तर. मेलेल्यांच्या बाबतीत ही कटकट नाही. निदान तेव्हा मला असं वाटत होतं.

पद्धत साधी. आजारपण, भांडण, सुनेचा ताप, काहीही असलं की बाई एक वाडगा घेऊन माझ्याकडे यायची. मी वाडग्याच्या आतल्या बाजूला, काठापासून सुरू करून गोल गोल खाली उतरत मजकूर लिहायचा. अगदी तळाशी, मध्यावर, ज्याला पत्र त्याचं नाव आणि तो कोणत्या दिवशी गेला ती तारीख. मग वाडग्यात भाकर, कांदे, खजूर, घर बरं असेल तर बदकाचा तुकडा भरायचा आणि दर दहाव्या दिवशी, म्हणजे दहा, वीस किंवा तीस तारखेला, थडग्याच्या दगडी दारापाशी ठेवून यायचं. ते दार उघडत नाही. नुसतं कोरलेलं असतं. त्यातून ज्यांनी यायचं ते येतात. मेलेला माणूस जेवायला बसतो, जेवत जेवत तळाशी पोचतो, आणि तिथे त्याला आपलं नाव दिसतं. मग त्याच्या लक्षात येतं, की जेवायला बोलावलं त्यामागे काम होतं.

माझी बायको हेनूत गेली तेव्हा मीही तिला एक पत्र लिहिलं होतं. ती जिवंतपणी कधी एका वाक्यात थांबली नव्हती. तिचं उत्तर आलं नाही, तेव्हा माझी खात्री पटली की मेलेली माणसं लिहीत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. बोरू ओला करायला आम्ही तो तोंडात धरतो. अक्षर चुकलं तर जिभेनेच पुसतो. म्हणून कारकुनाची जीभ काळी असते. आमच्या नदीकाठी काळी जीभ दिसली की समजावं, हा माणूस खात्यातला आहे.

२

उन्हाळ्याच्या दुसऱ्या महिन्याची दहावी तारीख होती. दुपारी माझी मुलगी तामित वाडगा घेऊन आली.

तामित तेव्हा एकोणीस वर्षांची. आई लवकर गेल्यामुळे माझ्या कचेरीतच चटईवर खेळत वाढली. उर्नेरो बाईसाहेबांचे केस विंचरायच्या कामावर तिला मीच लावलं होतं. उर्नेरो म्हणजे महाराजांच्या बायकांपैकी एक, पट्टराणी नव्हे, पण त्यांना वयात आलेला मुलगा होता, आणि राणीवशात तेवढ्यावर बरंच काही चालतं. मोठ्या घरात मुलगी चिकटली म्हणून मी खूश होतो. बाप म्हणून केलेल्या मूर्खपणांची यादी करायची झाली तर ही गोष्ट सगळ्यात वर येईल.

वाडगा निळा होता, चकचकीत. काठाला एका जागी टवका उडालेला.

"मजकूर पाठ करून आणलाय," तामित म्हणाली. "बाईसाहेबांनी तीनदा म्हणून घेतला."

"मग म्हण चौथ्यांदा."

तिने डोळे मिटले आणि एका सुरात म्हणून दाखवलं. "तुम्ही पश्चिमेला, मेलेल्यांच्या गावी गेलात. आमच्यावर राग धरू नका. झालं ते पटकन झालं, तुम्हाला कळलंही नसेल. गळ्याचं दुखणं तिथे राहत नाही. आता तुमच्या नावाने भाकर माझा मुलगा ठेवील, थोरला नाही. जेवा, आणि दारातून बाहेर येऊ नका."

मी लिहीत गेलो. लिहिताना मी अर्थाकडे लक्ष देत नाही. दिलं असतं तर इतकी वर्षं टिकलो नसतो.

"नाव?"

"नाव रिकामं ठेवायला सांगितलंय. आणि दिवसही."

"नावाचं मी समजू शकतो. घरातली भानगड असेल. पण दिवस नको? माझ्या हातून बिनतारखेचं पत्र आजवर गेलेलं नाही."

"बाबा, बाईसाहेब नको म्हणाल्या."

"बाईसाहेबांना कचेरीतलं काय कळतंय. जा, विचारून ये."

ती गेली आणि बऱ्याच वेळाने आली. तिच्या कपाळावर घाम होता. "पहिल्यांदा काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, चोवीस."

"कुठल्या महिन्याची?"

"ह्याच."

मी तळाशी नावापुरती जागा सोडली, खाली तारीख घातली, फुंकर मारली. शाई वाळेपर्यंत वाडगा हातात धरून बसायची मला सवय होती. बसल्या बसल्या मनात आलं, की आज दहा तारीख आहे.

३

माणसाची बुद्धी अशा वेळी फार कामाला येते. माझ्या बुद्धीने लगेच सांगितलं, चोवीस म्हणजे गेल्या वर्षीची चोवीस. वर्षश्राद्ध जवळ आलं असेल, म्हणून पत्र. बाईसाहेबांचे कुणी काका असतील, मामा असतील. गळ्याच्या दुखण्याने पुष्कळ लोक जातात.

"हे पत्र आहे कुणाला?" मी सहज विचारलं.

"त्यांच्या यजमानांना," तामित म्हणाली.

राणीवशातल्या सगळ्या बायकांचे यजमान एकच. आणि आज सकाळीच त्यांनी तळ्यावर सात बदकं मारली होती. मी स्वतः ओरडा ऐकला होता.

तामित माझ्याकडे बघत होती. ती मूर्ख नव्हती. तीनदा म्हणून घेताना तिच्याही लक्षात आलं असणार.

"बाबा, मला ह्यातलं काही माहीत नाही," ती हळूच म्हणाली.

"छान. मलाही नाही."

आमचा कायदा या बाबतीत फार स्पष्ट आहे. राजाविरुद्ध हात उचलणारा मरतो. कट ऐकून गप्प बसणाराही त्याच रांगेत उभा राहतो, फार तर नाक-कानांवर निभावतं. मी जाऊन सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, वाडगा कुणी आणला. दुसरा, मजकूर कुणाच्या तोंडून ऐकला. दोन्हींचं उत्तर माझ्यासमोर उभं होतं, आणि त्याच्या वेणीत आईचा जुना निळा मणी होता.

हा कट करणारे लोक वेडे नव्हते, हे मला नंतर पटलं. उलट फार व्यवस्थित होते. राजा मेला की देव होतो, आणि मारणाऱ्याला देव शोधून काढतो. तेव्हा मारायच्या आधीच माफीचं पत्र देऊन ठेवावं, म्हणजे तो पलीकडे पोचताच त्याच्या हातात पडेल. उशीर नको. मी त्यांच्या जागी असतो तर मीही असंच केलं असतं. त्यांच्या योजनेत एकच बारीकशी गोष्ट सुटली होती. पत्र पोचल्यावर काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

४

संध्याकाळी मी वाडगा घेऊन स्वतः उर्नेरो बाईसाहेबांकडे गेलो. त्या खिडकीच्या जाळीपाशी बसून नखांना मेंदी लावून घेत होत्या. वाडगा त्यांनी उजेडात धरून फिरवला. वाचता येत नसूनही त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"इपुई, तुमचं अक्षर कसं मुंग्यांच्या रांगेसारखं आहे हो. मला आवडतं."

"बाईसाहेबांची कृपा."

"तारखेचा हट्ट तुम्हीच धरलात म्हणे."

"कचेरीची सवय, बाईसाहेब. तारीख नसली तर पत्र कधीही पोचतं."

"मग बरं केलंत. आमच्यातच एकमत होत नव्हतं. कुणी म्हणे सण होऊ दे, कुणी म्हणे पूर येऊ दे. तुम्ही विचारलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आता लिहिलं गेलंय म्हटल्यावर तेच."

मी काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला. या चेहऱ्यावर मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे. मग म्हटलं, "एक विनंती होती. माझी बहीण उत्तरेला असते, आजारी आहे. तामितला चार महिने सोडलंत तर..."

"बहिणीला काय झालंय?"

"गळ्याचं दुखणं," मी म्हणून गेलो. कुठून आलं तोंडात कोण जाणे.

बाईसाहेब हसल्या. नखांवरची मेंदी सुकेपर्यंत हसत होत्या असं मला वाटलं. "विसाव्या दिवशी ती वाडगा दारापाशी ठेवून येऊ दे. मग खुशाल जाऊ दे. पोरगी चांगली आहे तुमची. हात हलका आहे."

५

महाराजांचं दगडी दार देवळाच्या मागच्या लहान चौकात होतं. ते जिवंत असतानाच कोरून तयार होतं, यात विशेष काही नाही. आमच्याकडे शहाणा माणूस घराच्या आधी थडगं बांधतो. त्या चौकात राणीवशातल्या बायकांशिवाय कुणाला जाता येत नसे. देवडीवर पशेदू बसायचा. दारवान, माझा जुना मित्र, सबंध राजवाड्यातला सगळ्यात आळशी माणूस.

विसाव्या दिवशी भर दुपारी तामित वाडगा घेऊन आत गेली. वर भाकर, कांदे, अंजिरं आणि भाजलेल्या गोऱ्ह्याची फासळी. पशेदूने विचारलं नाही. मी त्याच्या सावलीत बसून राहिलो. आतून तिच्या पैंजणांचा आवाज आला, थांबला, मग पुन्हा आला, जरा घाईने.

"ठेवला?"

"ठेवला."

"काय झालं?"

"काही नाही. आत गार आहे. दाराच्या पलीकडे कुणीतरी बसलंय असं वाटतं. बसताना माणूस कण्हतो ना, तसं."

"दगड उन्हाने तडतडतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर वाडगा माझ्या चटईवर होता.

रिकामा. फासळीचं हाडसुद्धा नव्हतं. हे मी समजू शकलो, कोल्ही असतात, पुजारी असतात, पुजाऱ्यांपेक्षा कोल्ही बरी. पण वाडगा आतून निळाशार होता. काठापासून तळापर्यंत एक अक्षर शिल्लक नव्हतं. शाई पाण्याने धुतली तर डाग राहतो. डाग न ठेवता शाई काढायची एकच रीत आहे, आणि ती आम्ही कारकून लोक रोज करतो.

मी वाडगा घेऊन पशेदूकडे गेलो. "हा कुणी आणून ठेवला?"

"मी कुणाला आत जाताना बघितलं नाही."

"बाहेर येताना?"

पशेदूने जांभई दिली, पण ती अर्धीच राहिली. "कारकूनबुवा, तुम्हाला म्हणून सांगतो. काल संध्याकाळी सरकारांची ताटं जशीच्या तशी परत गेली. आचारी रडकुंडीला आलाय. सरकार म्हणाले, माझं जेवण झालं."

"कुठे झालं?"

"ते विचारून मला कुठे जायचंय?"

६

त्याच दुपारी मी तामितला बोटीवर बसवलं. तिने आत्यासाठी लसणाची माळ घेतली होती.

"आत्या बरी आहे ना खरं म्हणजे?" तिने विचारलं.

"ठणठणीत आहे. तिला भेटलीस की सांग, आजारी आहेस म्हणून."

"तुम्ही कधी येणार?"

"काम उरकलं की."

"बाबा, त्या पत्राचं..."

"कुठल्या पत्राचं?"

तिने लसणाची माळ खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "हेच तुमचं मला कधी जमणार नाही." बोट लांब गेल्यावर तिने हात केला. मी कचेरीत परतलो तर चटईवरचा वाडगा नाहीसा झाला होता. एक कटकट गेली, असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, म्हणजे मलाही ऐकू जावं.

७

बावीस तारखेला महाराजांचं बोलावणं आलं.

एकतीस वर्षांत मी त्यांच्यासमोर दोनदाच गेलो होतो, आणि दोन्ही वेळा चुकीने. वेशीवरच्या खोलीत ते बसले होते. बाहेर ऊन इतकं, की भिंती पांढऱ्या दिसत होत्या. आत मात्र माझ्या दंडावर काटा आला. पंख्याच्या बायका नव्हत्या. कुणीच नव्हतं. आणि माशा नव्हत्या. उन्हाळ्यात नदीकाठी ज्या खोलीत माशा नाहीत ती खोली मी तोवर पाहिली नव्हती.

रिवाजाप्रमाणे मी पालथा पडलो, त्यामुळे पहिल्यांदा दिसले ते त्यांचे पाय. अनवाणी, आणि घोट्यापर्यंत पांढऱ्या धुळीने भरलेले. पाथरवटाच्या पायाला असते तशी धूळ, ताज्या कोरलेल्या दगडाची.

वर सोंगट्यांचा आवाज येत होता. एक टक, मग दुसरी टक. महाराज पटावर दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत होते.

"ऊठ. बस."

मी गुडघ्यांवर बसलो. त्यांच्या गळ्याभोवती कापडाची पट्टी होती, हनुवटीपर्यंत, नीट घट्ट गुंडाळलेली. पटाशेजारी निळा वाडगा होता. टवक्याची बाजू माझ्याकडे.

"अक्षर ओळखायला वेळ लागला नाही," ते म्हणाले. "माझ्या घरात इतकी वर्षं हेच अक्षर. मुंग्यांसारखं."

आवाज त्यांचाच होता. फक्त तो ओठ हलायच्या किंचित आधी येत होता. मी स्वतःला समजावलं, की भीतीने कान असे खेळ करतात. वैद्यांच्या पुस्तकांत तसं आहे.

"सरकार," मी म्हटलं, आणि एकदम सगळं बोलून टाकावं असं मला वाटलं. "चोवीस तारखेला..."

"मला पत्र आलंय की."

"हो, सरकार."

"वेळेआधी आलं. कळवणाऱ्यांत तुझा पहिला नंबर. घाबरू नकोस, ऐकून गप्प बसणाऱ्यांत तुला धरणार नाही." त्यांनी एक सोंगटी पुढे सरकवली. "पण मला जेवायला बसवलं, आणि मी जेवलो. आता काय करणार. जेवलेल्या माणसाला उठून जाता येत नाही."

मी जमिनीकडे बघत राहिलो.

"वाडगा कुणी ठेवला?"

मी आयुष्यात खोटी नोंद कधी केली नव्हती. चुकीच्या केल्या आहेत, उशिरा केल्या आहेत. खोटी एकही नाही. आणि समोर जो कोणी बसला होता त्याच्याशी खोटं बोललं तर काय होतं, हे मीच बायकांना वाडग्यांवर लिहून द्यायचो.

"मी ठेवला, सरकार."

"पैंजण वाजत होते."

"म्हातारपणाचा चाळा, सरकार."

ते हसले. हसताना तोंड उघडलं, आणि मी वर बघायला नको होतं ते बघितलं. आतली जीभ काळी होती. माझ्यासारखी, जुन्या कारकुनासारखी, मुळापर्यंत काळी. हसण्याने गळ्यावरची पट्टी एका बाजूने बोटभर खाली सरकली. पट्टीखाली काय होतं ते मी सांगणार नाही, कारण जे होतं त्याला अजून दोन दिवस अवकाश होता.

त्यांनी पट्टी वर ओढली, एखाद्याने सदरा सारखा करावा तशी. "बरं. तू ठेवलास. मग उत्तरही तुझ्याकडेच येईल. घे बोरू."

वाडगा त्यांनी माझ्याकडे ढकलला. त्यांनी सांगितलं आणि मी काठापासून गोल गोल लिहीत गेलो. काय लिहिलं ते मला आठवत नाही. लिहिताना मी अर्थाकडे लक्ष देत नाही हे आधी सांगितलंच आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सवयीचं मला दुःख झालं. तळाशी आलो आणि सवयीनेच विचारलं, "नाव?"

"रिकामं ठेव. जो तळ बघेल त्याचं."

"आणि तारीख?"

"ती मी घालीन," महाराज म्हणाले. "फार हट्ट करतोस तू तारखेचा."

८

चोवीस तारखेला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना फार माहीत होतं ते आता नाहीत. राणीवशात दुपारीच कल्लोळ झाला. थोरल्या राजपुत्राच्या माणसांनी तासाभरात वेशी बंद केल्या आणि उर्नेरो बाईसाहेबांच्या मुलाला भाकर ठेवायची, म्हणजे गादीवर बसायची, वेळ आलीच नाही. त्याला एका खोलीत एका प्याल्यासोबत एकटं सोडलं. बाईसाहेबांचं काय झालं ते कुठे नोंदलेलं नाही. मी शोधलं आहे.

चौकशीत मला बोलावलं. काही ऐकलंस का? नाही. काही लिहिलंस का? सुनांबद्दल पुष्कळ. न्यायाधीश हसले आणि मी सुटलो. वाडगा त्यांना मिळाला नव्हता.

पशेदू सुटला नाही. देवडीवर बसून कुणाला काही विचारलं नाही, एवढाच त्याचा अपराध. त्यांनी त्याच्याकडे चौकात जाणाऱ्यांची यादी मागितली, तेव्हा तामितचं नाव त्याच्या जिभेवर असणार. त्याने ते दिलं नाही. त्याचं नाक आणि दोन्ही कान गेले. मी अंजिरं घेऊन भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "आता ऐकलं नाही म्हणायची तरी सोय झाली, कारकूनबुवा." मी हसलो. त्याने हसावं म्हणूनच सांगितलं होतं.

प्रेतं वाळवण्याच्या कामावर त्याचा मेहुणा होता. त्याने पशेदूला सांगितलेली एक गोष्ट पशेदूने त्या दिवशी मला सांगितली. महाराज त्यांच्या हाती आले त्याच संध्याकाळी त्यांनी गळा बघितला. वार खोल होता, हाडापर्यंत. पण कडा वाळलेल्या होत्या. रक्त नव्हतं. मेहुणा म्हणाला, हे आजचं नाही. दोन आठवड्यांपूर्वीचं आहे.

"दारू पितो तो," पशेदू म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "पीत असेल."

९

ह्याला अकरा वर्षं झाली. तामितने उत्तरेलाच लग्न केलं, नवरा होड्या बांधतो, दोन मुलं आहेत. मी मात्र नदीच्या ह्याच काठावर राहिलो. बोलावणी पुष्कळ आली. मी कामं सांगत गेलो.

कारण त्याच वर्षी मी निवृत्त झालो, आणि त्यानंतरच्या पहिल्याच दहाव्या दिवशी दुपारी दार उघडलं, तर उंबऱ्यावर निळा वाडगा होता. काठाला टवका. वर भाकर, कांदे, अंजिरं, फासळी.

पहिल्या वेळी मी हात लावला नाही. वाडगा चार दिवस तसाच राहिला. भाकर मऊ राहिली, मांसाला वास आला नाही, एक माशी फिरकली नाही. पाचव्या दिवशी त्याच्यातून वाफ येऊ लागली. तेव्हा मी वरची भाकर उचलून खाल्ली, आणि थोड्या वेळाने वाडगा गेला. मी धडा घेतला. दर दहाव्या दिवशी वरचं थोडं खायचं, खालचं तसंच ठेवायचं, झाकून बाहेर ठेवायचं. तो जातो. परत येतो. तळ न बघणं हे माझं निवृत्तीनंतरचं काम झालं, आणि ते मी नेमाने केलं.

परवा विसावी तारीख होती. उन्हाळ्याचा दुसरा महिना. मी पाणी आणायला गेलो होतो, दोन घागरी, म्हातारपणी वेळ लागतो. परत आलो तर अंगणात दोन पोरं कोंबड्यांमागे धावत होती आणि चुलीपाशी तामित बसली होती. न कळवता आली होती. कळवलं तर तुम्ही काम सांगता, असं पुढे म्हणाली.

तिच्या मांडीवर निळा वाडगा होता.

"फार भूक लागली होती, बाबा. बोटीवर तीन दिवस नुसता सुका मासा. शेजारणीने दिलंय का हे? कसली फासळी होती." तिने बोटं चाटली. "पोरांना दिलं नाही मी, त्यांनी येतानाच खजूर खाल्लेत. सगळं मीच संपवलं."

"सगळं?"

"तळाला काहीतरी लिहिलंय. तुमचंच अक्षर दिसतंय, मुंग्यांचं."

मी वाडगा तिच्या हातातून घेतला. घाईने घेतला असणार, कारण ती बघत राहिली. काठापासून गोल गोल खाली, माझंच अक्षर, अकरा वर्षांपूर्वीचं. ह्या वेळी मी अर्थाकडे लक्ष देऊन वाचलं. फार मोठं नव्हतं. सौजन्याने लिहिलेलं होतं. जेवलात, आता या, एवढाच मथितार्थ. तळाशी नावाची जागा रिकामी होती. तिच्याखाली दुसऱ्या हाताने, लिहायची सवय नसलेल्या हाताने, तारीख घातलेली होती. ह्याच महिन्याची चोवीस.

"काय आहे?" तामितने विचारलं. आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्याला काळं लागलं होतं.

"जुनं पत्र आहे," मी म्हटलं. "नाव घालायचं राहून गेलंय."

"मग तुमचा जीव कसा राहिला इतकी वर्षं?" ती हसली. हसताना जीभ दिसली. मधोमध काळी व्हायला लागली होती.

मी फळीवरून दौत काढली. बोरू कोरडा होता, त्याला मी पाण्यात बुडवलं, तोंडात धरलं नाही. रिकाम्या जागेत नाव घातलं. इपुई, राणीवशाचा कारकून. ठेवला मी, सरकार, असं सांगितलेलं होतं. नोंद तेवढी त्या बोलण्याशी जुळवून घेतली. मग फुंकर मारली आणि शाई वाळेपर्यंत वाडगा हातात धरून बसलो.

"तोंड धुऊन घे," मी तिला म्हटलं.

"काय लागलंय?" तिने हाताच्या पाठीने ओठ पुसले. हात स्वच्छ होता. ओठही. तिने जीभ बाहेर काढून पोरांना वेडावून दाखवलं, आणि ती जीभ लाल होती, मुलांच्या जिभेसारखी.

माझ्या तोंडात मात्र शाईची चव आली. एकतीस वर्षांची ओळखीची चव. फरक एवढाच, की बोरू खाली चटईवर पडला होता.

आज बावीस. तामितला सकाळच्या बोटीने परत पाठवलं. मला काम आहे असं सांगितलं, तिला ते खरं वाटलं नाही, पण पोरं कंटाळली होती. निघताना ती वाकून माझ्या जवळ आली आणि थांबली.

"बाबा, गळ्याला काय झालंय तुमच्या? बघू."

मी पंचा वर ओढून घेतला.

"काही नाही," मी म्हटलं. "वाळलेलं आहे. जुनं आहे."